शेडमध्ये चालली, पाण्यात अडली: आंभोऱ्याच्या बोटीचं प्रकरण

बोट तीस फुटी, फायबरची, वीस प्रवाशांची. मागे प्रत्येकी दीडशे हॉर्सपॉवरची दोन फोर-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे बोटीबाहेर टांगलेली, इंजिनं. सगळं मिळून वजन तीन टनांच्या आसपास. रुंदी आठ फूट चार इंच, आणि ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण रस्त्यावरच्या गाडीला रुंदीची मर्यादा २.६ मीटर आहे आणि ही बोट ट्रॉलीवर त्यात जेमतेम बसते. अर्धा फूट जास्त असती तर नागपुरातून हलवायला वेगळी परवानगी काढत बसावं लागलं असतं.

मालक नागपूरचा, व्यवसाय जलपर्यटनाचा, पाणी गोसेखुर्द धरणाच्या फुगवट्याचं. वैनगंगेकाठच्या आंभोऱ्याच्या अलीकडे काठावर काँक्रीटचा उतार बांधलेला आहे, तिथून बोट आत जाते. हंगाम ऑक्टोबर ते मे. पावसाळ्याचे साडेतीन-चार महिने बोट हिंगण्याकडच्या एका शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी असते. मी इंजिनवाला. पूर्वी कोकण किनाऱ्यावर काम केलं, आता नागपुरात जनरेटर आणि पंपांची कामं करतो आणि वर्षातून दोनदा ही बोट बघतो: जूनमध्ये झोपवायला, सप्टेंबरात उठवायला.

मारबतीच्या दिवशी मालकाचा फोन आला. मागे ढोलांचा गलका, "घेऊन जा गे मारबत" चालू, आणि त्यातच हा सांगतो, "भाऊ, कोजागिरीची बुकिंग घेतली मी. चार फेऱ्या फुल्ल आहेत."

"घेतली कायले? आधी बोट तं पाहू द्या."

"तुम्ही आहात ना."

म्हणजे तारीख आधी ठरली आणि काम नंतर. हंगामाच्या तयारीत हे नेहमीचंच, त्यामुळे तक्रार म्हणून नाही, पार्श्वभूमी म्हणून लिहून ठेवतो.

ठोकळ्यांवरची तपासणी

समुद्रकाठच्या लोकांना वाटतं गोड्या पाण्यातल्या बोटीला काय होतंय. मीठ नाही, शंख-शिंपले चिकटत नाहीत, तळाला विषारी रंग मारायला नको. तेवढं खरं आहे. पण नागपूरच्या बोटीची दुखणी वेगळी. तिला पाण्यापेक्षा उभं राहणं जास्त बाधतं. मे महिन्यात ४५ अंशांत रबर तापून निघतं, लगेच जूनपासून दमट हवा, आणि चार महिने एकही भाग हलत नाही.

इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, प्लग, पाण्याच्या पंपाचे इम्पेलर (पाणी फेकणारी रबरी चक्रं) ही कामं दरवर्षीची, ती दोन दिवसांत झाली. डाव्या इंजिनाच्या इम्पेलरच्या पात्या एकाच बाजूला वाकून तशाच राहिल्या होत्या. असा इम्पेलर शेडमध्ये पाणी फेकतो, पण भर वेगात कमी पडतो. बदलला. दोन्ही बॅटऱ्यांपैकी एक मेली होती. ती का मेली याची चौकशी मी केली नाही. जूनमध्ये काढून चार्जिंगला लावा असं सांगितलं होतं, ती तिथेच होती.

गिअर ऑइलपाशी मात्र थांबावं लागलं. उजव्या इंजिनातून ते काळपट, स्वच्छ निघालं. डाव्यातून निघालं ते दुधाळ, ताकात तेल घुसळल्यासारखं. म्हणजे आत पाणी. पाण्यात फिरणारा पंखा काढला, तर मागच्या शाफ्टवर नायलॉनचा हिरवा धागा घट्ट गुंडाळलेला, इतका की उष्णतेने वितळून त्याची बांगडी झाली होती. जाळ्याचा धागा. पंख्याच्या मागे एकदा असा धागा गेला की तो सीलच्या ओठाखाली शिरतो, सील कापतो आणि तिथून पाणी आत जातं. वरून काहीच दिसत नाही. दोन्ही सील बदलले, हवेचा दाब देऊन साबणाच्या फेसाने तपासले, मग तेल भरलं. हे काम उशिरा केलं असतं तर गिअर गेले असते, आणि दीडशे हॉर्सपॉवरचा खालचा गिअरबॉक्स नागपुरात दुकानात मिळत नाही.

झिजवड्याच्या धातूबद्दल थोडं. इंजिनाच्या पायाला बळीचा बकरा म्हणून एक धातूचा तुकडा लावतात. गंज इंजिनाला न लागता त्याला लागावा हा हेतू. ही बोट समुद्रावरून आलेली, तिला जस्ताचे तुकडे होते. तीन हंगाम होऊनही ते जवळजवळ जसेच्या तसे, वर फक्त पांढरी खपली. मालकाला आनंद झाला, "पहा, झिजलेच नाही!" पण न झिजणं हीच त्यात गोम आहे. गोड्या पाण्यात जस्तावर साय धरते आणि ते काम करणं थांबवतं. पुस्तकातला नियम असा की खाऱ्या पाण्याला जस्त, गोड्याला मॅग्नेशियम, मधल्या मचूळ पाण्याला अ‍ॅल्युमिनियम. मी अ‍ॅल्युमिनियम लावलं. कारण आंभोऱ्याचं पाणी कागदावर गोडं आहे, पण नाग नदी आपल्या शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि तेच गोसेखुर्दच्या जलाशयात साचतं. अशा पाण्यातून वीज बरी वाहते आणि मॅग्नेशियम त्यात भराभर संपतं. तिथला एक ढिवर, म्हणजे मासेमार, काका मागे मला म्हणाला होता, "साहेब, हे पाणी तुमच्या नागपूरचंच आहे. आम्ही फक्त सांभाळून रायलो." जलपर्णी, जिला तिकडे इकॉर्निया म्हणतात, ती याच पाण्यावर पोसते.

शेवटी इंजिनं सुरू केली. खालच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर रबरी कप बसवले, नळाची पाइप जोडली, आणि पेट्रोलसाठी बोटीच्या टाकीऐवजी दहा लिटरचा वेगळा कॅन लावला. दरवर्षी असंच करतो. टाकीची नळी काढून कॅनची लावायला दोन मिनिटं लागतात आणि पेट्रोल ताजं असल्याची खात्री असते. दोन्ही इंजिनं पहिल्या झटक्यात सुरू झाली. इंजिन थंड करून बाहेर पडणाऱ्या पाण्याची धार मात्र उजव्याची बारीक येत होती. भोकात तार घातली तर मातीचं ढेकूळ बाहेर आलं. कुंभारीण माशीचं घर. उभ्या बोटीच्या भोकांत ती घरं करते, हे मला माहीत आहे, म्हणूनच तार खिशात असते. धार सुटली. दोन्ही इंजिनं वीस मिनिटं चालवली आणि मी मालकाला सांगितलं, "तयार आहे."

या एका वाक्याबद्दलच हे सगळं लिहितो आहे.

हायड्रा, ट्रॉली आणि दसरा

ठोकळ्यांवरून ट्रॉलीवर बोट ठेवायला हायड्रा, म्हणजे चाकांवरची क्रेन, आणला. चौदा टनी हायड्रा म्हणजे चौदा टन उचलेल असं समजणारे खूप आहेत. तो आकडा बूम, म्हणजे क्रेनचा हात, आखडलेला असताना आणि वजन अगदी जवळ असतानाचा. बोटीची बाजू टाळून मधोमध हूक न्यायचा तर बूम लांब करावाच लागतो, आणि तिथे क्षमता भराभर घसरते. ऑपरेटरच्या केबिनमध्ये तक्ता चिकटवलेला असतो, तो बघायला लावला. तीन टन आरामात बसत होते. पट्टे दोन, रुंद, आणि वर लोखंडी बीम, नाहीतर पट्टे वर एकत्र येताना बोटीच्या काठांना आतल्या बाजूला दाबतात. मागचा पट्टा इंजिनांच्या जवळ, कारण वजन तिथेच आहे. पहिल्यांदा चार इंच उचलून थांबलो, नाक वर जात होतं, खाली ठेवून पट्टा अजून एक फूट मागे सरकवला. एवढंच.

ट्रॉलीच्या चारही चाकांची बेअरिंग उघडून नवं ग्रीस भरलं. बोटीची ट्रॉली पाण्यात बुडते, रस्त्यावरच्या ट्रॉलीचं वेळापत्रक तिला चालत नाही.

निघायचं होतं दसऱ्याला. पण दसऱ्याला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात, शहराचे निम्मे रस्ते वळवलेले असतात, तीस फुटी बोट घेऊन त्या गर्दीच्या आसपास जाण्यात अर्थ नव्हता. त्या दिवशी शेडमध्येच पूजा झाली. इंजिनांना झेंडूचे हार, हळदीकुंकू, आपट्याची पानं. मालकाच्या आईने उजव्या इंजिनाच्या धारेच्या भोकाशेजारीच कुंकवाचं बोट टेकवलं. मी काही बोललो नाही, नंतर पुसलं.

एकादशीला पहाटे चारला निघालो. हिंगण्याहून आऊटर रिंग रोड, उमरेड रोड, मग कुही, मांढळ, वेलतूर. वाटेत एका पंपावर १२० लिटर पेट्रोल घातलं. जूनपासून टाकीत सुमारे ९० लिटर होतंच, टाकी ३०० ची. भरताना नोझल सारखं आपोआप कट होत होतं, दोनदा पेट्रोल परत उसळून बाहेर आलं. सोबतचा पोरगा म्हणाला, "काका, टाकी घेऊन नाही रायली." मी म्हणालो पंपाचं नोझल खराब आहे. पंपवाल्यालाही दोन शब्द ऐकवले. त्याची मी आता माफी मागायला हवी, पण तो पंप वाटेवरून बराच आत आहे.

मांढळला तर्रीपोहे खाल्ले. भूक होती हे खरं, पण थांबण्याचं दुसरं कारणही होतं. गरम झालेलं बेअरिंग थेट थंड पाण्यात गेलं की आतली हवा आखडते आणि चाकाचा हब पाणी शोषून घेतो. हात लावून चटका बसत नाही तोवर ट्रॉली पाण्यात घालायची नाही, हा माझा नियम. काठावर पोहोचल्यावर आणखी अर्धा तास थांबलो.

उतारावर

गोसेखुर्दची पूर्ण पातळी २४५.५० मीटर. पावसाळ्यात पाणी त्याखाली ठेवतात, दारं उघडी असतात, आणि पाऊस ओसरला की हळूहळू चढवतात. त्यामुळे ऑक्टोबरच्या सुरुवातीला उतारावरचं पाणी दर दिवशी वेगळं. एकादशीला काँक्रीट जिथे संपतं तिथे किती खोली आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मालक म्हणाला मागच्या वर्षी भरपूर होतं. ढिवर काका डोंग्यात बसून गेले, बांबू टोचला, आणि ओरडले, "कमरेच्या वर हाय. पण पुढं गाळ हाय, चाक तिकडं गेलं का गेलं." बांबूवर ओली खूण साडेतीन फुटांची. मागच्या बाजूला तेवढं पुरतं, इंजिनं वर उचललेली असली की. काँक्रीट संपण्याच्या सहा फूट आधी काठावर चुन्याची रेघ मारली. ट्रॅक्टरचालकाला सांगितलं, मागचं चाक रेघेच्या पुढे नाही.

मग बूच. तळाशी पाणी निथळायला जे भोक असतं त्याचं पितळी बूच मी बोट उचलताना काढतो आणि दोरीने इग्निशनच्या किल्लीला बांधतो. किल्ली हवी असेल तर बूच हातात येतंच. बूच विसरून बोट उतरवणारे नवखे नसतात, बहुतेकदा घाईतले जुनेच असतात.

नाकाला दोर, दोन माणसं काठावर, ट्रॅक्टर हळूहळू मागे. मागचा भाग तरंगू लागला, ट्रॉलीचे पट्टे सैल केले, बोट सरकली. आतला तळ बघितला, कोरडा. आंभोऱ्याच्या पुलाची काचेची गॅलरी उन्हात चमकत होती आणि वर माणसं मोबाइल काढून उभी होती, आमचंच चित्रण चाललं होतं.

इंजिनं खाली घेतली, सुरू केली. दोन्ही धारा जोरात. पाच मिनिटं सावकाश, मग जोर वाढवला, मिनिटाला चार हजार फेरे, बोट उचलली जाऊन पाण्यावर घसरत पळू लागली. आठव्या मिनिटाला डावं इंजिन खोकलं. डॅशवर इंधनातल्या पाण्याचा दिवा लागला. लगेच उजवं खोकलं. दोन्ही बंद.

परत आणलं ढिवर काकांनी. तीन टनांची, तीनशे हॉर्सपॉवरची बोट, आणि पुढे दोर लावून वल्हं मारणारा डोंगा. गॅलरीतून टाळ्या ऐकू आल्या की नाही हे अंतर बघता सांगता येणार नाही. मला तरी आल्या.

पहिलं कारण

दोन स्वतंत्र इंजिनं एका मिनिटाच्या अंतराने बंद पडली म्हणजे दोष इंजिनात नाही, दोघांना सामाईक असलेल्या वस्तूत आहे. सामाईक एकच गोष्ट होती, टाकी. आणि टाकी हीच एक गोष्ट मी शेडमध्ये तपासली नव्हती, कारण इंजिनं कॅनवर चालवली होती. दोन मिनिटांची सोय म्हणून लावलेला कॅन, त्यानेच दोष लपवला.

फिल्टरच्या खालच्या पारदर्शक वाटीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. वर पिवळसर पेट्रोल, खाली धूसर थर, मधे रेघ. ही रेघ म्हणजे नुसतं पाणी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० पेट्रोल पंपांवर आलं, आता सगळीकडे तेच मिळतं, म्हणजे पाचवा हिस्सा इथेनॉल. इथेनॉल पाणी पिऊन घेतं. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलात मिसळून राहतं आणि जळून जातं, कुणाला कळतही नाही. मर्यादा ओलांडली की इथेनॉल पेट्रोलचा हात सोडून पाण्याचा धरतं आणि दोघं मिळून तळाशी बसतात. टाकीतून इंजिनाकडे जाणारी नळी तळाशीच असते. शिवाय वर उरलेल्या पेट्रोलातून इथेनॉल गेलं म्हणजे त्याचं ऑक्टेनही, म्हणजे ठोके न देता जळण्याची प्रतही, उतरलं, ते वरचंही कामाचं राहत नाही. गाडीत हे सहसा होत नाही, कारण गाडीचं पेट्रोल आठवड्यात संपतं. बोटीचं चार महिने बसून असतं. मोठ्या आऊटबोर्ड इंजिनांच्या पुस्तिकांत सहसा दहा टक्के इथेनॉलपर्यंतच परवानगी लिहिलेली असते, तो वेगळाच वाद, तो मी मालकाच्या पदरात टाकून मोकळा झालो आहे.

मालकाचा संशय पंपावर. त्या सकाळच्या पंपाचं पेट्रोल कॅनमध्ये थोडं शिल्लक होतं. मोजपात्रात ९० मिलिलिटर पेट्रोल आणि १० मिलिलिटर पाणी घालून हलवलं, उभं ठेवलं. खालचा थर १० वरून २८ च्या जवळ गेला. म्हणजे अठराएक मिलिलिटर इथेनॉल, वीस टक्क्यांचा हिशेब बरोबर. मूळ पेट्रोल स्वच्छ, गढूळपणा नाही. पंप निर्दोष. (नोझलसकट, हे मला दोन दिवसांनी कळलं.)

पाणी आलं कुठून? शेडचा पत्रा सव्वीस फुटांचा, बोट तीस फुटांची. मागचे चार फूट ताडपत्रीखाली. ताडपत्रीचा झोळ झाला होता, त्या झोळाच्या बरोबर खाली पेट्रोल भरायचं झाकण, आणि झाकणाची रबरी रिंग उन्हाने कडक होऊन तीन ठिकाणी तडकलेली. नखाने टोचली तर बिस्किटासारखी तुटली. दहा रुपयांची रिंग. ती मी बघायला हवी होती. टाकी जूनमध्ये भरून ठेवा किंवा पूर्ण रिकामी करा, अर्धवट ठेवू नका, हे मी सांगितलं होतं, चालकाने अर्धवट ठेवली. दोघांच्या चुका एकमेकींना मिळाल्या.

द्वादशीला दिवसभर टाकी उपसली. उघड्यावर, छपराखाली नव्हे, लोकांपासून दूर, झाकण उघडून हातपंपाने लोखंडी ड्रममध्ये, ड्रम आणि टाकी तांब्याच्या तारेने जोडून. बॅटरीच्या तारा आधी काढलेल्या. २१० लिटर. तळाशी पाच-सहा लिटरचा तो धूसर थर. एकवीस-बावीस हजारांचं पेट्रोल, आणि मालक विचारतो, "हे माझ्या गाडीत चालेल का?" नाही चालणार. टाकी पुसली, नवी रिंग, नवे फिल्टर दोन्हीकडे, आणि कॅनने आणलेलं ताजं १५० लिटर.

दुसरं कारण

तेरसला सकाळी पुन्हा पाण्यात. दहा मिनिटं, पंधरा, वीस. चार हजार फेऱ्यांवर दोन्ही इंजिनं सुरेल. मी मालकाला अंगठा दाखवला. बाविसाव्या मिनिटाला डावं पुन्हा बसलं, मग उजवं.

या वेळी दिवा नव्हता. फिल्टरची वाटी स्वच्छ. इंधन नळीवर हाताने दाबायचा रबरी फुगा असतो, इंजिन सुरू करण्याआधी पेट्रोल वर आणायला. तो हातात घेतला तर चोखून टाकलेल्या आंब्यासारखा चपटा. फुगा चपटा म्हणजे इंजिन ओढतंय आणि मागून येत नाही. अडथळा फुग्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. माझ्या डोक्यात पहिलं आलं ते म्हणजे उपसताना एखादं फडकं आत राहिलं आणि नळीच्या तोंडाला चिकटलं. टाकीचं वरचं झाकणच उघडायचं तर डेक खोलावा लागणार, दोन दिवस. चतुर्दशी उद्या, पौर्णिमा परवा.

मी डेकचे स्क्रू मोजत होतो आणि पोरगा पेट्रोल किती उरलं ते बघायला भरायचं झाकण फिरवत होता. "सुऽऽऽ" असा आवाज झाला. हवा बाहेर आली नाही, आत गेली. माझ्या हातातला फुगा हळूहळू गोल झाला.

टाकीला श्वास लागतो. जेवढं पेट्रोल बाहेर जाईल तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी बोटीच्या कुशीला एक बारीक श्वासनळी असते, बाहेर तोंड, आत टाकीला नळी. त्या तोंडात तार घातली, तार पाव इंच जाऊन थांबली. कुंभारीण. उजव्या इंजिनाच्या धारेतली मी काढली, तिची बहीण इथे बसली होती.

मग मागचं सगळं ओळीत आलं. पंपावर नोझल कट होत होतं, कारण पेट्रोल आत येताना हवेला बाहेर जायला वाट नव्हती. द्वादशीला उपसताना भरायचं झाकण उघडं होतं म्हणून काही जाणवलं नाही. शेडमध्ये कॅनची स्वतःची हवा होती. आणि आठ मिनिटं व बावीस मिनिटं यांतला फरकही त्यात बसतो. चार हजार फेऱ्यांवर दोन्ही इंजिनं मिळून तासाला पन्नास-पंचावन्न लिटर ओढतात. एकादशीला टाकीत ९० लिटरची मोकळी जागा होती, तेरसला १५० ची. जागा मोठी तर आतली हवा विरळ व्हायला वेळ जास्त. पहिल्या दिवशी पाण्याने आधी मारलं की पोकळीने, हे ठरवता येणार नाही. दोन्ही एकाच वेळी होती आणि पहिलं सापडल्यावर मी दुसरं शोधणं थांबवलं. सावकाश चालवली असती तर कदाचित पूर्ण दिवस निघाला असता, आणि भर प्रवाशांत, भर वेगात कधीतरी बसली असती.

श्वासनळीची माती तारेने काढली, नळी फुंकून बघितली, तोंडावर बारीक पितळी जाळी बसवली. त्याच तोंडाच्या शेजारी, हाताच्या अंतरावर, मी पंधरा दिवसांपूर्वी धारेच्या भोकात तार घालून उभा होतो.

पुढे

चतुर्दशीला भार चाचणी. वीस प्रवासी म्हणजे सत्तर किलोंच्या हिशेबाने चौदाशे किलो. पन्नास किलोंची अठ्ठावीस रेतीची पोती, वैनगंगेच्या काठी रेती मिळायला अडचण नाही. पोती बाकांवर ठेवली, तळाशी नाही, कारण माणसंही बाकांवर बसतात आणि तोल तसाच बघायचा होता. एक तास सलग, त्यात दहा मिनिटं पूर्ण जोर. टाकीचं झाकण बंद. फुगा गोल.

इकॉर्नियाच्या पट्ट्यातून एकदा मुद्दाम गेलो. धार बारीक होताच चालकाने इंजिन न्यूट्रलला घेतलं, मागे चालवून पाने झटकली, पुन्हा पुढे. हे त्याला चार वेळा करायला लावलं. जाळ्यांचं काकांशी बोलणं झालं. ते आपल्या जाळ्यांवर लाल डबे बांधतील, आम्ही त्या बाजूने जाणार नाही.

कागदांचं काम मालकाने आधीच केलं होतं, त्याला श्रेय द्यायला हवं. अंतर्देशीय जलयान अधिनियम २०२१ चा आल्यापासून नोंदणी, तपासणीचा दाखला, विमा याशिवाय प्रवासी बोट चालवायची नाही, आणि त्याने ते टाळलं नाही. जॅकेटं मात्र मी मोजली. वीस प्रवासी, दोन कर्मचारी, मुलांची सहा वेगळी. तीन जॅकेटांच्या कडी तुटलेल्या, ती फेकली. २०१७ च्या जुलैत नागपूरजवळच्या वेणा जलाशयात बोट उलटून तरुण पोरं बुडाली, ती बातमी ज्याने त्या दिवशी वाचली त्याला जॅकेट मोजायला कुणी सांगावं लागत नाही. मालकाची इच्छा चांदण्यात फेरी काढायची होती. सूर्यास्तानंतर बोट नाही, यावर मी आणि चालक दोघंही अडून बसलो. दूध काठावर आटवा म्हटलं.

कोजागिरीला दुपारी दोनपासून चार फेऱ्या झाल्या. बिलावरून अजून बोलणं चालू आहे. पेट्रोलचे बावीस हजार कुणाचे हा प्रश्न आहे, आणि त्यातला काही भाग माझा आहे हे मी मान्य केलं आहे, किती ते नाही.

श्वासनळीतून काढलेलं मातीचं ढेकूळ पोराने सांभाळून ठेवलं होतं. काठावर बसून त्याने ते नखाने फोडलं. आत चिमुकले कोळी, सात-आठ, एकमेकांना चिकटून, मेलेले नव्हेत, नुसते बधिर केलेले, पिल्लांच्या जेवणासाठी. एकाचा पाय अजून हलत होता. पोराने ते सगळं काड्यापेटीत घातलं आणि म्हणाला, मालक आले की आधी हे दाखवू, मग बिल.